आलोच आहोत तर…

मराठी कुटुंबाची दक्षिणेची सहल सुरू होते ती एक्सेलच्या तक्त्यात. दिवाळीच्या महिनाभर आधी घरातले एक जबाबदार काका रात्रीची जेवणं उरकल्यावर लॅपटॉप उघडतात आणि त्यात गावं, अंतरं, वेळा भरत जातात. 'प्रस्थान पहाटे ५.००. साताऱ्याच्या पुढे चहा ६.४५ ते ७.००.' चहाला पंधरा मिनिटं, नाश्त्याला वीस, बृहदीश्वराला दीड तास. तक्ता कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, त्याखाली सात अंगठे उमटतात आणि तो कोणीही वाचत नाही. निघायच्या दिवशी पहाटे पाचला तयार असतो तो एकटा तक्ता. गाडी सोसायटीच्या फाटकातून सहा चाळीसला बाहेर पडते आणि सहा पंचेचाळीसला परत येते, कारण गॅस बंद केला का, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही.

पण तक्ता मोडतो तो गॅसमुळे नव्हे. तो मोडतो तीन शब्दांनी.

"आलोच आहोत तर…" असं मागच्या सीटवरून आत्या म्हणतात. वाक्य पूर्ण करायची गरज नसते. गाडी चालवणाऱ्या पुतण्याने तोवर इंडिकेटर दिलेला असतो, काकूंनी पायांत चपला सरकवलेल्या असतात आणि काका तक्त्याकडे मुलीच्या पाठवणीला उभ्या राहिलेल्या बापासारखे बघत असतात.

पर्यटनाच्या पुस्तकांत या तीन शब्दांना जागा नाही, पण मराठ्यांचं एक अख्खं राज्य त्यांवर उभं राहिलं आणि १८० वर्षं टिकलं. ते राज्य म्हणजे तंजावर.

गोष्ट १६७५च्या सुमाराची. तंजावरचा नायक राजा विजयराघव दोन वर्षांपूर्वी मदुरेच्या नायकाशी लढताना मारला गेला होता आणि गादीवर मदुरेचा माणूस बसला होता. विजयराघवाच्या वारसाच्या बाजूच्या मंडळींनी विजापूरकडे मदत मागितली. आदिलशाहीने आपला सरदार धाडला. हे सरदार म्हणजे शहाजीराजांचे चिरंजीव आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे. कामगिरी अगदी आटोपशीर होती. जायचं, मदुरेच्या माणसाला हुसकायचं, वारसाला गादीवर बसवायचं आणि परत यायचं. यातली पहिली तीन कामं राजांनी चोख केली. चौथं राहून गेलं. वारसाच्या दरबारात कुरबुरी सुरू झाल्या. समोर कावेरीचं खोरं, नजर जाईल तिथवर भात आणि पाटापाटांतून खळाळणारं पाणी. बंगळूरला परत जाऊन करायचं काय? आलोच आहोत तर. 'येतो जाऊन' म्हणून गेलेला मराठी माणूस १८५५ सालापर्यंत परतला नाही. शेवटचे राजे, दुसरे शिवाजी, त्या साली मुलगा नसताना वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं, तेव्हा कुठे हा मुक्काम अधिकृतरीत्या संपला.

काकांच्या तक्त्यात मात्र तंजावर हे रामेश्वराच्या 'वाटेत' असतं. पुण्याहून बाराशे किलोमीटरच्या आसपास. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, तुमकूर, मग बंगळूरची वाहतूक, होसूर, कृष्णगिरी, सेलम, नामक्कल, तिरुचिरापल्ली आणि तिथून पुढे साठेक किलोमीटर. महाराष्ट्रात दिवाळीला छत्र्या माळ्यावर गेलेल्या असतात. इकडे ईशान्य मोसमी पाऊस नुकताच कामावर रुजू झालेला असतो. छत्री कोणीच आणलेली नसते. चिवडा मात्र पाच किलो असतो. तिरुचीच्या आधीपासून रस्त्याच्या दुतर्फा 'कुंभकोणम डिग्री कॉफी'च्या पाट्या सुरू होतात आणि प्रत्येक पाटीच्या म्हणण्यानुसार खरी कॉफी तीच. तक्त्यात कॉफीला पंधरा मिनिटं असतात. पितळेच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून ती पिण्याजोगी होईपर्यंतच ती संपतात.

त्यामुळे गाडी तंजावरच्या मोठ्या देवळापाशी, म्हणजे बृहदीश्वरापाशी, पोचते ती भर दुपारी, साडेबाराच्या ठोक्याला, म्हणजे गाभारा बंद होत असताना. तो आता चारला उघडणार. एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकराची गेली कित्येक वर्षं सगळ्या महाराष्ट्राने टिंगल केलेली आहे. इथे साक्षात महादेव साडेबाराला दार लावून घेतात आणि कोणी चकार शब्द काढत नाही. काकांना आयुष्यात प्रथमच आपली बाजू योग्य होती असं वाटतं. हा आनंद तीनेक मिनिटं टिकतो, कारण चपला बाहेर ठेवून मंडळी प्रांगणात आलेली असतात आणि पावसाने नेमकी त्या दिवशी सुट्टी घेतल्यामुळे खालची फरशी तव्यासारखी तापलेली असते.

१०१० साली पुरं झालेलं, राजराज चोळाने बांधलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखराचं हे देऊळ डोळे भरून पाहावं असं आहे. पण अनवाणी माणूस दुपारी वर पाहत नाही, सावली शोधतो. सगळं कुटुंब पायांचे चटके वाचवत, भरतनाट्यमच्या जन्मभूमीला साजेशा पदन्यासात, शिखराच्या उत्तरेकडच्या सावलीच्या पट्ट्यात जाऊन दाटीवाटीने उभं राहतं. आणि तिथे उभं राहून काका मोबाइलमधून मोठ्याने वाचून दाखवतात की या शिखराची सावली जमिनीवर कधीच पडत नाही. सगळे माना डोलावतात. आपण कशात उभे आहोत, हा प्रश्न कोणालाही पडत नाही. सावली न पडण्याची ही दंतकथा याच सावलीत उभं राहून वर्षानुवर्षं सांगितली जाते.

मग पुतण्याला भिंतीवर काहीतरी दिसतं. गेले दोन दिवस एकाही पाटीचं अक्षर लागलेलं नसतं. तमिळ वळणं बघून बघून आत्यांना चकली पाडायची सुरसुरी आलेली असते. आणि इथे, देवळाच्या नैर्ऋत्येच्या अंगाला, काळ्या पाषाणावर ओळीमागून ओळ देवनागरी! मराठी! दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली हा भोसले कुळाचा इतिहास कोरवून घेतला. मजकूर बाबूराव चिटणीसांचा. देशातल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते. मराठी पर्यटकाला कुठेही गेलं की भिंतीवर आपलं नाव लिहावंसं वाटतं, याबद्दल गडकिल्ल्यांवर वर्षानुवर्षं हळहळ व्यक्त होत आलेली आहे. सरफोजीराजांनी मात्र ही हौस राजाला शोभेल अशा बेताने भागवली. आपल्या एकट्याचं नाव न टाकता सगळी वंशावळ टाकली, कोळशाने न लिहिता छिन्नीने लिहवली आणि लिहवली तीही अशी की पुढे तिची गणना वारशात व्हावी. काका पहिली ओळ घडाघडा वाचतात, दुसरीला अडखळतात, तिसरीला फरशीचा चटका बसतो आणि उरलेल्या इतिहासाचा मोबाइलवर फोटो निघतो.

चारपर्यंत करायचं काय? तक्ता यावर गप्प असतो. आणि इथेच आत्या ते तीन शब्द उच्चारतात.

तिरुवैयारू तंजावरहून तेरा किलोमीटर. नावाचा अर्थ पवित्र पाच नद्यांचं गाव. हे नाव केवळ शोभेचं नाही, याचा प्रत्यय रस्त्यातच येतो. वडवार, वेण्णार, वेट्टार, कुडमुरुट्टी आणि कावेरी. तेरा किलोमीटरांत पाच पूल. पहिला पूल आला की काकू हात जोडतात, "कावेरी माता." पुढचा पूल आला की पुन्हा हात, कारण मघाशी चुकून दुसऱ्याच कोणाला जोडले गेले. असं चार वेळा झाल्यावर पाचव्या पुलावर, प्रत्यक्ष कावेरी येते तेव्हा, काकूंचा विश्वास उडालेला असतो आणि त्या खिडकीबाहेर बघतसुद्धा नाहीत. त्यातच गाडीचा वेग बैलगाडीचा झालेला असतो, कारण निम्म्या रस्त्यावर भात वाळत घातलेलं असतं. कुरुवै हंगामाचं पीक नुकतंच निघालेलं असतं, पावसाने जरा उघडीप दिलेली असते आणि एवढं सपाट, तापलेलं, फुकटचं खळं दुसरं कुठलं? जगातल्या सगळ्या महामार्गांवर वाहनांना प्राधान्य असतं. इथे ते तांदळाला आहे. ताटात पडणाऱ्या भाताला या टप्प्यावर वाट करून दिली नाही, तर तो ताटात पडणार नाही, हे पुतण्या मुकाट्याने मान्य करतो.

नकाशावरची बाई इंग्रजीत बोलत असते आणि गावांची नावं अशी उच्चारते की ती तमिळ माणसाला कळत नाहीत आणि मराठी माणसालाही. म्हणून काच खाली करून विचारायचं. उत्तर दोनच शब्दांत मिळतं, "नेरा पोंग." म्हणजे सरळ जा. रस्ता तिथे तिठ्यावर दुभंगलेला असला तरी सरळ जा. लांब आहे का, विचारलं तर "पक्कम्", म्हणजे जवळच. आणि या सगळ्या वेळात सांगणाऱ्याचं डोकं मानेवर एका गोड लयीत हलत असतं. होकार आहे की नकार आहे, हे मराठी माणसाला शेवटपर्यंत उमगत नाही. तंजावरची डोकं हलवणारी बाहुली, तलैयाट्टी बोम्मै, भौगोलिक मानांकन मिळवून जगप्रसिद्ध झाली आहे. तिला टिचकी मारली की बिचारी बराच वेळ सगळ्याला हो-नाही म्हणत राहते. ती बनवणाऱ्या कारागिराला प्रेरणा कुठून मिळाली असावी, याचा शोध तिरुवैयारूच्या तिठ्यावर आपोआप लागतो.

तिरुवैयारूत कावेरीकाठी संतसंगीतकार त्यागराजांची समाधी आहे. १७६७ ते १८४७ हा त्यांचा काळ. या सबंध मुलुखात वाट वाकडी करायला ठाम नकार देणारा हा एकच माणूस. तंजावरच्या दरबाराने द्रव्य देऊ केलं, बोलावणं धाडलं आणि त्यांनी ते नाकारलं, अशी कथा इथे सांगितली जाते. तेरा किलोमीटर! पाच पूल! पण नाही म्हणजे नाही. आता दर वर्षी जानेवारीच्या सुमारास आराधनेला सबंध दक्षिणेतले गायक-वादक त्यांच्या दाराशी येतात आणि एका सुरात त्यांची पंचरत्नं गातात. आत्या समाधीला नमस्कार करतात आणि बाहेर येऊन विचारतात, "इथे खायला काय चांगलं मिळतं?" उत्तर असतं अशोका हलवा. मुगाच्या डाळीचा, तुपाने थबथबलेला, केशरी. एकेक चमचा म्हणून पाव किलो घेतला जातो आणि पाव किलो संपल्यावर घरी न्यायला म्हणून अर्धा. तो घरी पोचत नाही. तो तिरुमळवाडीलाही पोचत नाही.

तिरुमळवाडी तक्त्यात नसते. ती कोणाच्याच तक्त्यात नसते. तिथे जायला रस्ता चुकावा लागतो आणि हलव्याच्या अमलाखाली तो चुकतो. दक्षिणेला वळण्याऐवजी गाडी उत्तरेला जाते, कोळ्ळिडम नदीचा लांबच लांब पूल लागतो, खाली वाळूचं अफाट पात्र, आणि काका सकाळपासून प्रथमच आवाज चढवतात, "अरे, कुठे चाललोय आपण?" पुतण्या म्हणतो, "नेरा." डावीकडे नदीच्या कडेकडेने गेलं की एक जुनं शिवालय आणि शांत गाव लागतं. पाटीवर तिरुमळपाडी. मराठी पुस्तकांतली तिरुमळवाडी हीच. १६७७च्या जुलैत शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला होता.

दक्षिण दिग्विजयाचा तो काळ. एवढी आखीव मोहीम दुसरी नसेल. हैदराबादला कुतुबशहाशी बोलणी, पैशाची आणि तोफांची तजवीज, जिंजी, वेल्लोर. पण या मोहिमेतही महाराज थोड्या लोकांनिशी वाट वाकडी करून श्रीशैलाला गेले आणि काही दिवस राहिले. तिथलं स्थान पाहून ते इतके भारावले की देवापुढे शिर वाहायला निघाले, असं बखर सांगते. खुद्द महाराजांना श्रीशैल टाळता आलं नाही, हे ऐकून काकांचा राग निम्मा उतरतो. तर अशा त्या मोहिमेत तिरुमळवाडीला दोघे भाऊ भेटले. विषय होता वडिलार्जित जहागिरीचा अर्धा वाटा. सुरुवातीचे दिवस मेजवान्यांत गेले. मग वाटणीची बोलणी निघाली आणि एका रात्री व्यंकोजीराजे कोणालाही न सांगता कोळ्ळिडम ओलांडून तंजावरला निघून गेले. महाराज नाराज झाले. पुढे लढाईही झाली आणि अखेर व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांनी शहाणपणाने तह घडवून आणला.

तीन शतकं उलटली तरी वाटणीचा विषय निघताच "जरा जाऊन येतो" म्हणून उठणारा भाऊ आणि मागून सगळं निस्तरणारी वहिनी ही जोडी महाराष्ट्राने जशीच्या तशी जपलेली आहे. काकू हे ऐकून काकांकडे बघतात. काका नदीकडे बघतात. पात्र रुंद आहे, पण ओलांडण्याजोगं आहे.

देऊळ उघडून केव्हाच चार तास झालेले असतात. रामेश्वरचं बुकिंग फोनवरून पुढे ढकललं जातं आणि मुक्काम तंजावरलाच पडतो. तक्त्यातला दीड तास आता दोन दिवसांचा झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह सरफोजीराजांनी असा वाढवला की आज तिथे एकोणपन्नास हजारांच्या आसपास ग्रंथ आहेत. ताडपत्रं आहेत, कागदी पोथ्या आहेत, मोडीचे रुमाल आहेत. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं आणि मराठी नाटक जन्माला आलं, हे शाळेपासून पाठ असतं. इथे कळतं की व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे त्याच्या दीडशे वर्षं आधी तमिळ मुलुखात बसून मराठी नाटकं लिहीत होते. त्यांच्या 'पंचभाषाविलास' या एकाच नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. बंगळूरच्या टोलनाक्यावर सुट्या पैशांसाठी काकांनी याच पद्धतीने संवाद साधला होता. फक्त कोणी तो लिहून ठेवला नाही.

सरफोजीराजांची कथा तर वाकड्या वाटांचीच. १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला, मान आणि मुबलक सवड उरली. दुसऱ्या कोणी ती शिकारीत घालवली असती. हे वैद्यकात शिरले, तिथून डोळ्यांच्या रोगांकडे वळले आणि रुग्णांच्या डोळ्यांची चित्रं काढवून नोंदी ठेवल्या. मग छापखाना काढला आणि १८०६ साली इसापच्या गोष्टी मराठीत 'बालबोध मुक्तावली' म्हणून छापल्या. मुंबईत मराठी पुस्तकं छापली जायला अजून बराच अवकाश होता. आणि १८२०च्या सुमारास ते काशीयात्रेला निघाले. सोबत सुमारे तीन हजार माणसं. सहा माणसांच्या गाडीत खिडकी कोणाची यावरून तुमकूरला झालेला तंटा ज्यांच्या स्मरणात ताजा आहे, त्यांना या आकड्याने घाम फुटतो. तीन हजारांतल्या किती जणांना गाडी लागली असेल, प्रत्येक वेळी "सगळे आले का?" याचं उत्तर मिळायला किती दिवस गेले असतील? लोक काशीहून गंगा आणतात. राजांनी पोथ्याही जमवल्या, आणि काशीच्या घाटांची चित्रं आजही ग्रंथालयात आहेत. प्रवासाहून आल्यावर पाहुण्यांना बसवून फोटो दाखवायची पद्धत मराठी घरात कुठून आली, त्याचा हा एक धागा असू शकतो.

त्या ग्रंथालयातच पुतण्याच्या नजरेला 'मनोरा' हा शब्द पडतो. ओळखीचा शब्द आणि तो चक्क एका गावाजवळच्या ठिकाणाचं नाव. अंतर पासष्ट किलोमीटर. दिशा समुद्राची. रामेश्वर त्याच किनाऱ्याला पुढे कुठेतरी आहे, त्यामुळे ही वाट वाकडी आहे असं म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद या वेळी खुद्द काका करतात. गाडीत क्षणभर शांतता पसरते. तक्त्याचा फितूर झालेला कर्ता कोणी याआधी पाहिलेला नसतो.

वाटेत ओरत्तनाडू लागतं. जुनं नाव मुक्ताम्बाळपुरम. इथलं मोठं छत्रम, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्ताम्बाळच्या नावाने उभं केलं. तंजावरच्या भोसल्यांनी रामेश्वरच्या यात्रावाटेवर अशी छत्रमं बांधली, नीडामंगलमला यमुनाम्बाळ, राजामडमला मोहनाम्बाळ, आणि बहुतेकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं दिली. मद्रासच्या इंग्रजांना सरफोजीराजांनी १८०१ साली लिहिलेल्या पत्रात तिथला रिवाज वर्णिला आहे. येणाऱ्या प्रत्येकाला, जात न विचारता, शिजवलेला भात. गोसावी, बैरागी, जोगी, जंगम, कोणीही असो. आजाऱ्याला वैद्य आणि औषध. लहान मुलांना दूध. वाटेत बाळंत होणारीची काळजी घ्यायला माणसं. यातल्या कशाचेही पैसे नाहीत. हमरस्त्यावरच्या उपाहारगृहात 'स्वच्छतागृह फक्त ग्राहकांसाठी' ही पाटी वाचून इडली मागवलेल्या कुटुंबाला हे ऐकून गलबलून येतं. यात्रेकरू तक्ता न करता निघू शकत होता, कारण पुढच्या टप्प्यावर भाताचं भांडं चुलीवर होतं.

पट्टुक्कोट्टै ओलांडून गाडी समुद्राशी येते आणि समोर आठ मजली षट्कोनी मनोरा उभा असतो. आजूबाजूला माड, कोळ्यांच्या होड्या, खारा वारा. हा इथे कशासाठी? तर नेपोलियन हरला म्हणून. फ्रान्सच्या बादशहाचा युरोपात पाडाव होतो आणि त्याचा मनोरा भोसल्यांचे राजे तमिळ किनाऱ्यावर बांधतात. त्यातही गंमत अशी की शिलालेखावर साल आहे १८१४. त्या वर्षी नेपोलियनला एल्बा बेटावर धाडलं होतं. इंग्रजांचे मित्र म्हणून राजांनी आनंद दगडात कोरून टाकला. पण १८१५च्या फेब्रुवारीत नेपोलियन बेटावरून सटकला, पॅरिसला पोचला, पुन्हा गादीवर बसला आणि खरा निकाल लागायला १८ जून १८१५चं वॉटर्लू उजाडावं लागलं. म्हणजे मनोरा वेळापत्रकाप्रमाणे तयार झाला आणि बादशहानेच वाट वाकडी केली. अनेक पर्यटक आजही इथे उभे राहून हे वॉटर्लूचं स्मारक असल्याचं सांगतात. दगड बिचारा एक वर्ष आधीचा आकडा दाखवत उभा आहे.

दुपारचं जेवण केळीच्या पानावर. भाताचा डोंगर, त्यात आळं आणि आळ्यात सांबार. ते वाढलं जात असताना काका ती प्रसिद्ध कथा सांगतात. तंजावरच्या मुदपाकखान्यात आमटीला एकदा आमसूल मिळेना, म्हणून चिंच घातली, पाहुणे होते संभाजीराजे, म्हणून त्याचं नाव सांबार. कथेला पुरावा नाही आणि इतिहासकार ती ऐकून कपाळाला हात लावतात. पण पंगतीत इतिहासकार बसलेला नसतो. आत्या पहिला घास घेतात, जराशा थांबतात आणि निर्णय देतात, "गूळ कमी आहे." वाढपी पुन्हा सांबार वाढतो आणि मान हलवतो. हो की नाही, कळत नाही.

रामेश्वर शेवटी झालं का, याबद्दल अशा सहलींच्या हकिगतींत एकमत नसतं. कोणी म्हणतं झालं, कोणी म्हणतं कन्याकुमारी राहिलं. नक्की एवढंच की घरी परतल्यावर चौथ्या दिवशी रात्री जेवणं उरकल्यावर काका लॅपटॉप उघडतात आणि जुना तक्ता दुरुस्त करतात. रकाने वाढतात. तिरुवैयारू, चार पंधरा. अशोका हलवा, वीस मिनिटं. ओरत्तनाडू छत्रम, मनोरा, पानावरचं जेवण. मग तो तक्ता 'आमची नियोजनबद्ध तंजावर सहल' या नावाने नात्यातल्या सगळ्या ग्रुपांवर जातो, आणि पुढच्या दिवाळीत चिंचवडहून मेहुण्यांची गाडी त्याबरहुकूम पहाटे पाचला, म्हणजे सात वाजता, निघते. त्यात तिरुमळवाडीच्या समोरचा रकाना काकांनी प्रामाणिकपणे भरलेला असतो.

'सायं. ५.३० ते ५.५०. रस्ता चुकणे.'